निळ्या काचेतला फोटो

"आता श्वास धरायचा. मी दहा म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही," काळ्या कापडात डोकं खुपसलेले भावसारकाका आतूनच म्हणाले.

"दहा कशाला?" भागीरथी आत्यानं विचारलं. "मागं कापसेंच्या पोरीला बसवलंत तेव्हा तीनावरच सोडलं होतंत."

"ती मुळात गोरी होती," कापडातून आवाज आला.

आत्या गप्प झाली. मीही गप्पच होते, कारण मला श्वास धरायचा होता.

ही १९६९ सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. अमळनेरच्या बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर 'भावसार फोटो आर्ट' होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय पदार्थविज्ञान. वर्गात आम्ही दोनच मुली, त्यातली दुसरी निम्म्या वर्षात लग्न होऊन गेली. त्यामुळे आत्याला घाई झाली आणि मला स्थळांना पाठवण्याच्या फोटोसाठी त्या स्टुलावर बसवण्यात आलं. केसांत अबोलीचा गजरा होता. अंगावर आत्याची ठेवणीतली आकाशी साडी होती.

माझा रंग सावळा. त्याबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं. फक्त आत्या त्याला 'उन्हानं रापलाय' म्हणायची. मी दिवसभर कॉलेजच्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत असे, हे तिच्या लेखी मोजण्यासारखं नव्हतं.

दहा झाले. काकांनी कॅमेऱ्याच्या तोंडावरची लाल काच काढून फडक्यानं पुसली. मी विचारलं, "ही कशाला?"

"हीच तर स्थळाची काच," काका म्हणाले. "हिच्यातून काढलं की कुणीही उजळ दिसतं. डाग, पुटकुळ्या सगळं साफ. एकच खोड आहे, कुंकू पुसून टाकते. म्हणून तर तुला मघाशी काजळाची टिकली लावायला सांगितली. एकदा विसरलो होतो. पोरीचा फोटो बिनकुंकवाचा निघाला आणि तिच्या आजीनं माझा पार उद्धार केला."

भावसारकाकांचे आजोबा-पणजोबा कापड रंगवणारे. कुठला रंग कोणत्या उजेडात कसा वागतो हे त्यांना हाताच्या सवयीनं ठाऊक होतं. मला ते पुस्तकातून ठाऊक होतं, पण ते माझ्याच तोंडाला लागू होतं हे तोवर डोक्यात आलं नव्हतं. कातडी लाल उजेड पुष्कळ परत फेकते, निळा थोडाच. काच फक्त लाल आत सोडते. मग फिल्मला वाटणार, ही मुलगी झळझळीतच आहे.

आत्या खाली ब्लाउजपीस बघायला उतरली होती. मी हळूच विचारलं, "आणि निळी काच लावली तर?"

"निळी?" काका हसले. "कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसशील. गालावरचा ठिपका न् ठिपका मोजता येईल."

"एक काढाल?"

"कशाला?"

"कॉलेजात प्रयोग आहे."

काकांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. मग एक खण उघडून त्यांनी निळी काच काढली. "बल्बात निळा उजेड कमी असतो," ते म्हणाले. "वीसपर्यंत मोजावं लागेल."

"मोजा," मी म्हटलं.

लाल काचेतल्या सहा प्रती आत्याच्या ट्रंकेत गेल्या. निळ्या काचेतल्या दोन माझ्या वहीत गेल्या. त्यांत मी खरंच बघण्यासारखी दिसत होते. रंग काजळासारखा, ओठ काळे, हनुवटीवर कधी लक्षातही न आलेले सात डाग. आकाशी साडी पांढरी फटक पडली होती आणि अबोलीचा गजरा काळा ठिक्कर.

हे सगळं मला कशासाठी हवं होतं, तर मला पुण्याला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. ते घरात बोलायची सोय नव्हती. मी आठ वर्षांची असताना आई गेली, तेव्हा अण्णांची थोरली बहीण, म्हणजे ही आत्या, आपलं होतं नव्हतं ते एका ट्रंकेत भरून आमच्याकडे आली आणि कायमची राहिली. विधवा बाई, स्वतःचं असं काही नव्हतं. आमचं घर तिनं उभं धरलं. म्हणून अण्णा तिला कशालाच नाही म्हणत नसत. ते पोस्टात सॉर्टर होते. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं खणाखणांत टाकून घरी येत आणि आत्या सांगेल त्या पाटावर बसत.

आत्याला अक्षर लावून वाचता यायचं, पण लिहायला फार वेळ लागे. म्हणून स्थळांची पत्रं ती मला सांगायची आणि मी लिहायची. स्वतःच्या लग्नाची पत्रं अशी स्वतःच्या हातानं लिहिणाऱ्या मुली गावात फारशा नसाव्यात.

"लिही. मुलगी इंदू, निमगोरी, गृहकृत्यदक्ष."

"गृहकृत्यदक्ष कुठं आहे मी?"

"तुला विचारलं नाही. लिही. स्वभावानं शांत."

मी लिहायची. मग आत्या ट्रंकेतून एक फोटो काढून द्यायची आणि पाकिटासाठी कणकेची लई ढवळायला आत जायची. तेवढ्या वेळात लाल काचेतली इंदू वहीत जायची आणि निळ्या काचेतली इंदू पाकिटात. आत्या पाकीट चिकटवायची, ठोकून बघायची आणि अण्णांच्या हातात द्यायची. अण्णा ते खाकी कोटाच्या आतल्या खिशात घालून कामावर जायचे.

पहिलं पाकीट धुळ्याला गेलं, दुसरं भुसावळला. दोन्हीकडून नकार आला. उत्तरं पोस्टातून अण्णाच घेऊन येत आणि जेवणाआधी वाचून दाखवत. 'योग दिसत नाही' एवढंच असायचं.

"एवढा चांगला फोटो असून?" आत्या म्हणायची. "आणि फोटो ठेवून घेतात मेले. परत पाठवायची रीत आहे की नाही?"

अण्णा हात धुवायला उठायचे. मी पानं घ्यायची. पोटात हसू मावत नसे.

तिसरं स्थळ नाशिकचं होतं, बँकेतलं. माझ्या निळ्या प्रती संपल्या होत्या. काकांकडून आणखी आणता आल्या असत्या, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला एकदा बघायचं होतं की गोऱ्या इंदूला काय उत्तर येतं. म्हणून ह्या खेपेला मी लाल काचेतलाच फोटो ठेवला आणि आत्याला तसंच पाकीट बंद करू दिलं.

तीन आठवड्यांनी नाशिकहूनही नकार आला.

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्या संध्याकाळी मी आरशापुढे बराच वेळ उभी होते. निळ्या काचेला दोघांनी नाकारलं ते ठीक होतं, तो माझाच कट होता. पण ह्यानं तर भावसारकाकांची सगळी कला डोळ्यांखाली घालून नाही म्हटलं होतं. आठवडाभर मी आत्याशीही नीट बोलले नाही. तिला वाटलं मला लग्नाची घाई झालीय. ती माझ्यावर आणखीच माया करू लागली.

परीक्षा संपली आणि पुण्याच्या स्थळाला पत्र गेलं. पुन्हा लाल काचेतलाच फोटो. माझ्यात आता हट्ट शिरला होता. ह्या खेपेला उत्तर आलं, मुलगा बघायला येतो आहे.

मुलाचं नाव मनोहर खैरनार. पुण्यात एका छापखान्यात होता. तो आणि त्याचे मामा रविवारी सकाळी आले. मामा भरदार होते आणि पोह्यांची दुसरी बशी घेताना मोकळेपणानं म्हणाले, "मुलगी फोटोपेक्षा बरीच बरी आहे की."

"फोटोपेक्षा?" आत्या म्हणाली.

"नाही, म्हणजे फोटोत जरा—"

"मागं पेरूचं झाड आहे ना तुमच्या?" मनोहर एकदम उठला. "येताना भिंतीवरून दिसलं. बघू का?"

मे महिन्यात पेरूच्या झाडाला बघण्यासारखं काही नसतं. पण पाहुण्याला नाही म्हणता येईना. आत्यानं मला बरोबर पाठवलं आणि आपण कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं दहा हातांवर उभी राहिली.

मनोहरनं झाडाकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून फोटो काढून त्यानं माझ्यापुढे धरला. "तुमच्या केसांत कुठली फुलं होती?"

मी फोटो बघितला. तो निळ्या काचेतला होता. मी घातलेला नव्हता. माझ्याकडे तो उरलेलाच नव्हता.

"अबोली," मी म्हटलं.

"आकारावरून मला तेच वाटलं. मग ती काळी कशी?" तो म्हणाला. "आम्ही रंगीत कॅलेंडरं छापतो. एकाच चित्राचे तीन फोटो काढायचे, लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून. मग प्रत्येकाचा ठसा वेगळ्या शाईचा. निळ्या काचेतून नारिंगी, पिवळं सगळं काळं येतं. मी रोज आठ तास तेच बघतो. हा फोटो हातात आला आणि वाटलं, असा फोटो चुकून निघत नाही. कुणीतरी मुद्दाम काच लावली. मुलीच्या वाईटावर असलेल्या माणसानं, नाहीतर मुलीनं."

"मुलीनं," मी म्हटलं.

"का?"

मी आत्याकडे बघितलं. ती एकेक पान सावकाश तोडत होती. "मला पुढं शिकायचंय," मी म्हटलं. "पदार्थविज्ञानात."

मग त्यानं फोटो परत खिशात ठेवला. "म्हणजे नकार हवाय तर. कळवतो. कारण काय लिहू?"

"काळी आहे असं लिहा."

"मामांनी बघितलंय तुम्हाला. ते खोटं चालायचं नाही." तो हसला. "बघतो काहीतरी जुळवून."

पाहुणे गेले, पण माझ्या डोक्यातून तो फोटो जाईना. पाकीट आत्यानं माझ्यासमोर बंद केलं होतं. ते घरातून निघून पोस्टाच्या पेटीत पडेपर्यंत मध्ये एकच हात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोस्टात गेले. टपाल येऊन पडलं होतं आणि अण्णा उभ्यानं पत्रं खणांत टाकत होते. चोपडा, धरणगाव, पारोळा. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि एकदम विचारलं, "पाकीट तुम्ही उघडलंत?"

अण्णांचा हात थांबला नाही. "वाफेवर उघडतं," ते म्हणाले. "इथं चहाची किटली असते."

"कधीपासून?"

"धुळ्याच्या लोकांनी तुझा फोटो परत पाठवला. मी बघितला तर हा असा. मला वाटलं, भावसारानं घाण केली. जाऊन भांडलो त्याच्याशी. तो म्हणाला, पोरीनं वीसपर्यंत श्वास धरून काढून घेतलाय, मला काय बोलता?" त्यांनी दोन पत्रं एरंडोलच्या खणात टाकली. "भुसावळचं पाकीट उघडून बघितलं. त्यात तसाच होता, मग परत चिकटवलं. नाशिकच्या पाकिटात मात्र गोरा निघाला. मला वाटलं, तू विसरलीस. धुळ्याहून आलेला माझ्याकडे होता, तो घातला."

"आणि पुण्याच्या?"

"भुसावळहून परत आलेला."

म्हणजे नाशिकच्या त्या बँकवाल्यानं गोऱ्या इंदूला कधी बघितलंच नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण त्या घटकेला मला आधी तेवढंच सुचलं आणि फार बरं वाटलं. मग बाकीचं सुचलं.

"अण्णा, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला ते माहीत झालं असतं, आणि अक्कानं विचारल्यावर मला खोटं बोलावं लागलं असतं." ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "ती आली नसती तर तुझं काय झालं असतं, इंदू? तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नकार बाहेरून येतोय तर येऊ दे म्हटलं."

आमचं असं ठरलं की पुण्याचा नकार आला की अण्णा नेहमीसारखा वाचून दाखवतील आणि फोटो खिशात राहील. पण ते पत्र आलं त्या दिवशी अण्णांना जळगावला कामावर पाठवलं होतं. पोस्टमननं पाकीट थेट आत्याच्या हातात दिलं. मी विहिरीवरून आले तेव्हा ती ओट्यावर बसून अक्षर लावून वाचत होती.

"मुलगी गुणी आहे," आत्या मोठ्यानं वाचत होती. "परंतु फोटोत दाखवली त्याहून बरीच उजळ आहे. जिथं फोटोतच इतका फरक, तिथं पुढं काय, असं आमच्या मातोश्रींचं मत पडलं. सबब योग नाही. फोटो परत पाठवत आहे."

फोटो तिच्या मांडीवर पडलेला होता.

ती उठली, ट्रंकेतून लाल काचेतली एक प्रत काढली आणि पाटावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडून ठेवले. संध्याकाळी अण्णा आले, कोट काढला, पाट बघितला आणि कोट हातात धरून तसेच उभे राहिले.

"हा कुणी घातला?" आत्यानं विचारलं.

"मी काढून घेतला," मी म्हटलं.

"तू थांब. दामू, घातला कुणी?"

अण्णांनी कोट खुंटीला अडकवला. "मी घातला, अक्का. तिला पुढं शिकायचंय. मला तिला पाठवायचंय." एवढं सलग ते आत्यापुढे प्रथमच बोलत असावेत.

आत्यानं दोन्ही फोटो जवळ ओढले. "तेरा वर्षं हिची वेणी घातली मी," ती म्हणाली. "आणि मला नाही म्हणायला तुम्हा दोघांना काच लागली."

तिनं दोन्ही फोटो उचलले आणि जेवणाचे पाट मांडले.

चार दिवस ती आमच्याशी बोलली नाही. स्वयंपाक वेळेवर, वाढणं वेळेवर, शब्द एक नाही. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. आम्ही दोघांनी ती वाखाणून खाल्ली आणि आणखी मागून घेतली. तिनं वाढली.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली. "हे दोन्ही फोटो एकाच तोंडाचे?"

"हो."

"एकाच दिवशी काढलेले?"

"एकाच स्टुलावर."

"कसे ते दाखव."

दिवाळीच्या आकाशकंदिलाचे जिलेटीनचे कागद माळ्यावर होते. मी लाल आणि निळा शोधून आणले. एका ताटलीत तिखट, एकीत तांदळाचं पीठ, बाजूला हिरव्या मिरच्या, असं खिडकीशी मांडलं. लाल कागद डोळ्यांना लावायला सांगितला.

"तिखट कुठाय?" तिनं विचारलं.

"समोर."

"दोन्हीकडं पीठच आहे. आणि मिरच्या काळ्या." तिनं कागद खाली घेतला, तिखट बघितलं, परत वर नेला. "अगं बाई." मग निळा लावला. "आता तिखट जळलं." असं तिनं सात-आठ वेळा केलं. मी तिला सांगितलं की तिखट स्वतःवर पडलेल्या उजेडातला लाल तेवढा परत पाठवतं, बाकीचा गिळून टाकतं, आणि निळ्या कागदाला नेमका तो लालच नको असतो, म्हणून डोळ्यापर्यंत काहीच पोचत नाही. ती ऐकत होती. पुढं एकतीस वर्षं मी हेच शिकवलं, पण इतक्या बारकाईनं उलटतपासणी घेणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

मग तिनं लाल कागदातून माझ्याकडे बघितलं. "गोरी दिसतेस," ती म्हणाली. अण्णा दारात उभे होते. त्यांच्याकडे वळून म्हणाली, "हासुद्धा. ह्याचं लग्न जमवताना कुणी सांगितलं नाही."

अण्णा हसले. मीही हसले. आत्या हसली नाही, पण तिनं कागदाची नीट घडी घातली आणि विचारलं, "त्या पुण्याच्या मुलाला ठाऊक होतं हे सगळं?"

"हो. पेरूच्या झाडाखाली त्यानंच ओळखलं."

"मग तो बरा होता की."

तुम्हालाही तेच वाटत असणार, आणि आता मी मनोहरशी लग्न केल्याचं सांगेन म्हणून तुम्ही वाट बघत असाल. तसं झालं नाही. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं, मी पुण्यातच होते, जेवायला गेले. मुलगी नाकीडोळी नीटस होती आणि मामांनी तिच्याही घरचे पोहे दोनदा घेतले असणार. माझं लग्न एम.एस्सी. झाल्यावर झालं, एका गणिताच्या माणसाशी, आणि त्यानं फोटो मागितलाच नाही. मागितला असता तर कुठला दिला असता, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पण त्या दुपारचं राहिलं. आत्या म्हणाली, "तो कागद कुठाय, पुण्याचा? भरायचा असतो ना काहीतरी?"

प्रवेशाचा अर्ज माझ्या वहीत होता. मी आणला. अण्णांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला, खाली 'पालकाची सही' असं होतं तिथं बोट ठेवलं आणि पेन माझ्याकडे न देता आत्यापुढे धरलं.

"मी?" आत्या म्हणाली.

"तूच. मी वाढवलं का हिला?"

आत्यानं पदरानं हात पुसले. पेन घट्ट धरून तिनं एकेक अक्षर काढलं. 'भागीरथी'ला बराच वेळ लागला, आम्ही दोघं श्वास धरून उभे होतो. शेजारच्या रकान्यात 'विद्यार्थिनीशी नाते' असं होतं. आत्यानं ते वाचलं आणि पेन माझ्याकडे दिलं. मी काय लिहायचं म्हणून थांबले. माझ्या मनात एक शब्द होता, तो तिला दिसला असावा.

"आत्या लिही," ती म्हणाली. "आई लिहिलंस तर उद्या तिथली माणसं विचारतील, दामूच्या बायकोचं नाव भागीरथी कधी झालं. खोटे कागद पुरे झाले आता ह्या घरात."

मी आत्या लिहिलं. तिनं अर्ज हातात घेतला, शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसली आणि मग अण्णांना म्हणाली, "हे पाकीट पेटीत टाकायला मी येते तुझ्याबरोबर. मला बघायचंय ते बंदच जातं की नाही."